जनगणनेत ‘बौद्ध’ सांगताना जातीचा रकाना कोरा राहू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील, तेव्हा मुंबईतली असंख्य घरे एकाच प्रश्नावर अडखळणार आहेत. धर्म बौद्ध सांगितला, तर जात काय सांगायची? वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी, माटुंगा लेबर कॅम्प, चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी, घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर, कुठेही विचारा, दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक म्हणजे दोन्ही ठिकाणी ‘बौद्ध’च लिहा. दुसरा म्हणजे पोराबाळांच्या सवलती टिकवायच्या असतील तर गुपचूप ‘हिंदू महार’ लिहा. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने अनुसूचित जातीची मोजणी घटते, दुसऱ्याने धर्माची. धर्म बौद्ध आणि जात महार (किंवा मांग, चांभार, जी असेल ती) ही दोन्ही उत्तरे एकत्र देणे १९९० पासून कायद्यात पूर्णपणे बसते. हे प्रगणकाला माहीत नसते आणि सांगणाऱ्यालाही खात्री नसते. त्यामुळे दर दहा वर्षांनी लाखो माणसे एका ना एका रकान्यातून गळतात.

आधी कायदा. कोणत्या जाती अनुसूचित, हे राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ठरते. त्यातला तिसरा परिच्छेद सांगतो की ठरावीक धर्मांबाहेरची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. सुरुवातीला तिथे फक्त हिंदू धर्म होता. १९५६ मध्ये शीख धर्म आला आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध. म्हणजे १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत ज्याने धर्मांतर केले आणि ते सरकारदरबारी खरे सांगितले, तो केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीतून बाहेर पडला. ती अट आता राहिलेली नाही. पण तिची भीती घराघरांत अजून आहे, आणि ‘बौद्ध लिहिलं की एससी जातं’ हे वाक्य आजही तितक्याच ठामपणे सांगितले जाते.

आता प्रत्यक्ष रकाना. २०११ च्या प्रपत्रात धर्माचा प्रश्न सातवा होता. शब्द पूर्ण लिहायचा आणि शेजारच्या चौकटीत क्रमांक टाकायचा: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. बाकी कोणताही धर्म असेल तर नाव पूर्ण लिहायचे आणि चौकट मोकळी सोडायची. लगेच खाली आठवा प्रश्न, दोन भागांत. पहिल्या भागात अनुसूचित जात असेल तर १, जमात असेल तर २, दोन्ही नसेल तर ३. दुसऱ्या भागात त्या जातीचे किंवा जमातीचे नाव, प्रगणकाजवळच्या राज्याच्या यादीतून. सातव्यात हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तरच आठव्यात १ पडू शकतो. म्हणजे सातव्यात ५ आणि आठव्यात १ ही जोडी नियमाने बरोबर आहे.

चूक होते ती दारात, आणि अर्ध्या मिनिटात होते. प्रगणक विचारतो, ‘धर्म?’ उत्तर येते, ‘जयभीम.’ किंवा, ‘आम्ही बाबासाहेबांचे.’ प्रगणक समजून घेतो आणि बौद्ध लिहितो. पुढचा प्रश्न, ‘जात?’ उत्तर येते, ‘बौद्ध.’ आता प्रगणक यादी चाळतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू आहेत. ‘बौद्ध’ कुठेच नाही, ‘नवबौद्ध’ही नाही. ही जातींची यादी आहे, त्यात धर्माचे नाव असणारच नाही. प्रगणकाच्या मागे अजून शंभर घरे उरलेली असतात. तो चौकटीत ३ टाकतो आणि पुढच्या खोलीकडे वळतो. घरातल्या बाईला वाटते आपण सगळे नीट सांगितले. प्रगणकालाही तसेच वाटते. खोटे कोणीच बोललेले नसते, पण ते अख्खे कुटुंब अनुसूचित जातीच्या आकड्यातून गेलेले असते.

२०११ च्या सूचनांमध्ये एक चांगली तरतूद होती. कोणी जातीच्या ठिकाणी ‘हरिजन’ किंवा नुसते ‘एससी’ म्हटले तर तेवढ्यावर थांबायचे नाही, जातीचे नाव विचारायचे. तोच नियम ‘बौद्ध’ आणि ‘नवबौद्ध’ या उत्तरांना तितक्याच स्पष्टपणे लावला, तर निम्मा घोळ जागीच मिटेल. महाराष्ट्रात तो नियम ठळक अक्षरांत छापायला हवा. देशातल्या बौद्धांपैकी सुमारे ७७ टक्के एकट्या या राज्यात आहेत. २०११ मध्ये देशात ८४ लाख ४३ हजार, त्यातले महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार. दिल्लीत तयार होणाऱ्या सूचनापुस्तिकेत जी गोष्ट तळटीप म्हणून चालते, ती इथे पहिल्या पानावर लागते.

या ६५ लाखांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांत खुल्या किंवा इतर मागास वर्गांतून बौद्ध धम्मात आलेले असतील. पण जातीच्या ठिकाणी ‘बौद्ध’ असे उत्तर दिल्यामुळे ३ क्रमांकावर गेलेलेही त्यात आहेत, हे वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या कोणालाही कळते.

आकड्यांची ही गळती किती दूर पोचते, ते विधानसभेच्या जागांवरून दिसते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७.१ टक्के नोंदले गेले आणि १९९१ मध्ये ११.१ टक्के. दहा वर्षांत माणसे तेवढी वाढली नव्हती, मधल्या काळात १९९० ची दुरुस्ती झाली होती. पुढे २००१ मध्ये तो आकडा १०.२ वर घसरला आणि २०११ मध्ये ११.८ वर गेला. एखाद्या समाजाची खरी लोकसंख्या अशी वरखाली होत नसते, ती नोंदवण्याची रीत होते. आता राखीव जागा पाहा. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांत बौद्ध अनुसूचित जातीत धरलेलेच नव्हते, म्हणून २८८ पैकी फक्त १८ जागा अनुसूचित जातींना होत्या. त्याच आखणीवर २००४ पर्यंत निवडणुका झाल्या. २००८ ची फेररचना २००१ च्या आकड्यांवर झाली आणि जागा २९ झाल्या. लोकसभेच्या ३ वरून ५ झाल्या. २८८ चे १०.२ टक्के काढले की २९ येतात. २०११ च्या ११.८ टक्क्यांनी तेच गणित केले तर ३४ येतात. पाच आमदारांचा हा फरक आठव्या प्रश्नाच्या चौकटीत १ पडतो की ३, यावर हलतो.

महापालिकेतही तेच आहे. मुंबईच्या २२७ प्रभागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव असतात, तेही जनगणनेच्या प्रमाणात. राज्याच्या अर्थसंकल्पातला अनुसूचित जाती घटकाचा वाटा लोकसंख्येच्या टक्क्याला बांधलेला आहे. अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्यांचा राज्यवार कोटा धर्माच्या आकड्यांवर ठरत आला आहे. म्हणून ‘हिंदू महार’ लिहिणाऱ्याचेही नुकसान होते. त्याचे नाव जातीच्या मोजणीत येते, पण बौद्ध म्हणून अल्पसंख्याकांच्या योजनांत समाजाचे जे माप आहे, त्यातून तो जातो. महाराष्ट्रात २००१ मध्ये बौद्ध ६.०३ टक्के होते आणि २०११ मध्ये ५.८१ टक्के. धम्मदीक्षेचे सोहळे सुरू असताना टक्का खाली येतो, यात दाराशी दिल्या-घेतल्या गेलेल्या उत्तरांचा मोठा वाटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘हिंदू’ लिहिले जाण्याची कारणेही ठरलेली आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ असते. आजोबांनी दीक्षा घेतली, पण कागद बदलला नाही, आणि नातवाच्या दाखल्यावर तेच उतरले. लोकांना वाटते, जनगणनेत वेगळे सांगितले तर दोन कागद एकमेकांशी भांडतील. असे काही होत नाही. जनगणनेत कोणताही दाखला मागायचा नसतो आणि दाखवायचाही नसतो. १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम सांगते की व्यक्तीची नोंद कोणालाही पाहायला मिळत नाही आणि ती पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. जात पडताळणी समिती ती मागवू शकत नाही. शाळेपर्यंत ती पोचत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जनगणनेत बौद्ध लिहिले म्हणून कोणाचा जातीचा दाखला आपोआप सुधारणार नाही. ते काम उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी जो वेगळा नमुना आहे त्यात करावे लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ही दोन कामे वेगळी ठेवली की मनातली अर्धी भीती जाते.

दुसरे कारण प्रगणकाच्या बाजूचे. बहुतेक प्रगणक पालिका शाळांतले शिक्षक असतात, मनाने चांगले आणि कामाने दमलेले. काहींच्या डोक्यात पक्के बसलेले असते की कायद्याने बौद्ध हिंदूंतच येतात. हा गैरसमज संविधानाच्या २५ व्या कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणातून आणि हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमातून आला आहे. पहिल्याचा संबंध सामाजिक सुधारणेशी आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्वांना खुली करण्याशी आहे, दुसऱ्याचा विवाहाच्या कायद्याशी. जनगणनेशी दोन्हींचा काही संबंध नाही. तिथे बौद्ध धर्माला स्वतंत्र क्रमांक आहे. प्रगणकाने माणूस सांगेल तोच धर्म लिहायचा, त्यावर वाद घालायचा नाही, नावावरून किंवा आडनावावरून अंदाज बांधायचा नाही, कुटुंबप्रमुखाचा धर्म बाकीच्यांना चिकटवायचा नाही, प्रत्येकाचा वेगळा विचारायचा. कोणी ‘मला धर्म नाही’ म्हटले तर तेही तसेच लिहायचे. हे सगळे २०११ च्या सूचनांत होते. मुद्दाम खोटी नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला जनगणना कायद्यात शिक्षा आहे. याच कायद्याच्या आठव्या कलमात बाईने नवऱ्याचे नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही, असे लिहिले आहे. माणसाच्या मनातला संकोच इतक्या बारकाईने जपणाऱ्या कायद्याखाली त्याच्या धर्माचा शब्द बदलला जाऊ नये.

जिथे चुका सर्वांत जास्त होतात ते चाळीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बीडीडीची एक चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, एकूण ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. एका प्रगणकाकडे अशी दीड-दोन चाळ येते. दुपारी अकरा ते चार या वेळेत निम्म्या दारांना कुलूप असते. मग शेजारच्या खोलीतून माहिती घेतली जाते. शेजारणीला माणसे किती, मुले कोणत्या शाळेत, हे ठाऊक असते. धर्म मात्र ती अंदाजाने सांगते, ‘आमच्यासारखेच’. ज्या मजल्यावर बौद्ध, मातंग, मराठा, कोकणी मुस्लिम अशी सरमिसळ आहे, तिथे हा अंदाज कोणत्याही बाजूने चुकतो. नवरा बौद्ध आणि बायको हिंदू अशा घरांत तर सासूच्या तोंडी सगळे एकाच धर्माचे होतात. २०११ मध्ये प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी होती आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भरलेली घरे फेरतपासणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर पुन्हा गाठणे, हा यावर साधा आणि खात्रीचा उपाय आहे. आता वरळीत नव्या इमारतींत कुटुंबे राहायला गेली आहेत, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरची अनेक संक्रमण शिबिरांत किंवा भाड्याच्या घरांत आहेत. जुन्या पत्त्यावर माणूस नाही आणि नव्या पत्त्यावर ओळख नाही. अशा ठिकाणी शेजाऱ्याच्या भरवशावर धर्म लिहिणे आणखी धोक्याचे.

या वेळी दोन गोष्टी नव्या आहेत. काम मोबाइलवर आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीच्या निर्णयानुसार सगळ्यांचीच जात मोजली जाणार आहे. मोबाइलमुळे एक फायदा होऊ शकतो. धर्मात ‘बौद्ध’ निवडल्यावर अनुसूचित जातींची यादी खुली राहिली पाहिजे, आणि जातीच्या जागी ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ टाकले तर पुढे जाण्याआधी पडद्यावर विचारणा आली पाहिजे: ‘हे धर्माचे नाव आहे. जातीचे नाव सांगायचे आहे का?’ सांगणाऱ्याने नाही म्हटले तर त्याचे उत्तर तसेच राहू द्यावे. पण विचारले गेलेच पाहिजे. तोट्याची शक्यताही तितकीच आहे. कुटुंबप्रमुखाचा धर्म खालच्या माणसांना आपोआप लागू होण्याची सोय ठेवली, तर वेळ वाचवायला ती सर्रास वापरली जाईल. ती सोय धर्म आणि जात या दोन प्रश्नांपुरती बंद ठेवावी.

जातीचे नाव मोकळेपणाने लिहू दिले की काय होते, याचा धडा २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात पाहणीने दिला आहे. १९३१ च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जाती होत्या. या पाहणीत जात, पोटजात, गोत्र, आडनाव असे सगळे मिळून ४६ लाखांवर नावे जमली. एकट्या महाराष्ट्रात सरकारी यादीत ४९४ जाती असताना प्रत्यक्षात ४ लाख २८ हजारांहून जास्त नावे आली. ‘महार बौद्ध’, ‘बौद्ध महार’, ‘नवबौद्ध’, ‘जयभीम’, ‘आंबेडकरवादी’ अशी पाच उत्तरे पाच जाती होऊन बसली, तर त्या नंतर एकत्र करायला कोण धजावेल? दारातच यादीतला शब्द निवडला गेला पाहिजे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांनी जात सोडली. ती पुन्हा आपल्याच तोंडाने का सांगायची, हा प्रश्न तरुण मुले-मुली विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. त्याला हुज्जत घालून उत्तर देऊ नये. आमचे म्हणणे इतकेच आहे की हे दोन रकाने दोन वेगळ्या गोष्टी विचारतात. धर्माचा रकाना तुम्ही काय मानता ते विचारतो. अनुसूचित जातीचा रकाना तुमच्या घराण्याला कोणत्या नावाखाली अस्पृश्य ठरवले गेले होते ते विचारतो. पहिल्याचे उत्तर श्रद्धेचे आणि दुसऱ्याचे त्या घराण्यावर झालेल्या अन्यायाचे. तो अन्याय झाला, हे नोंदवल्याने धम्म कमी होत नाही. तरीही कोणाला ते नाव उच्चारायचेच नसेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि प्रगणकाने तो मान खाली घालून पाळावा. फक्त तो निर्णय किंमत माहीत असताना घेतलेला असावा.

त्या किंमतीची जाणीव १९६१ च्या पिढीला पुरेपूर होती. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये झाले २७,८९,५०१. या साडेसत्तावीस लाखांहून अधिक माणसांनी ‘बौद्ध’ हा शब्द अशा वेळी सांगितला, जेव्हा तो सांगितल्याने केंद्राच्या सवलती जात होत्या. बरेचसे निरक्षर, गिरणीत, गोदीत, शेतावर राबणारे. धर्मस्वातंत्र्य संविधानात लिहिलेले होते, आणि ते वापरायची किंमत सरकारनेच लावलेली होती. ती किंमत उतरवायला शासनाला चौतीस वर्षे लागली.

ही किंमत काहींना आजही मोजावी लागते. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालेल्यांना १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद अजून बाहेरच ठेवतो. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये जाणारी कित्येक कुटुंबे जनगणनेत हिंदू सांगतात. त्यांना खोटे बोलायची हौस नाही, मुलीचा वसतिगृहातला प्रवेश त्या शब्दावर अडलेला असतो. माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर २०२२ मध्ये या प्रश्नावर आयोग नेमला गेला. धर्माच्या रकान्यात खरे लिहिल्यावर शिक्षा होणार असेल, तर त्या रकान्यातून निघणारा आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही, हे त्या आयोगापुढेही मांडले जायला हवे. मुस्लिमांतल्या मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार अशा इतर मागासवर्गीय समाजांची गोष्ट वेगळी. त्यांना इथे धर्माचा अडसर नाही. त्यांनी धर्म मुस्लिम आणि जात जी दाखल्यावर आहे तीच सांगावी, नुसते ‘मुसलमान’ सांगून जातीचा रकाना सोडू नये.

मुंबईतल्या लहान समाजांसाठी थोडक्यात. पारशी, ज्यू यांच्या धर्माला २०११ मध्ये क्रमांक नव्हता, म्हणून पूर्ण शब्द स्वच्छ लिहिला जाणे हाच त्यांचा आधार. पारशी २००१ मध्ये देशात ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४. इतक्या लहान संख्येत एका इमारतीतल्या चुकीच्या नोंदीही जाणवतात. बेने इस्रायली कुटुंबांनी ‘इस्रायल’ न म्हणता ‘ज्यू’ किंवा ‘यहुदी’ म्हणावे. जैनांनी पंथाचे नाव न सांगता ‘जैन’ सांगावे. आरेच्या पाड्यांवरच्या वारली आणि इतर आदिवासींना जमातीसाठी धर्माची कोणतीही अट नाही. ते आपल्या देवाधर्माला जे नाव देतात तेच लिहिले गेले पाहिजे, प्रगणकाने स्वतःहून ‘हिंदू’ भरू नये. २०११ मध्ये झारखंड आणि आसपासच्या राज्यांत मिळून ४९ लाखांहून अधिक लोकांनी ‘सरना’ हे आपल्या आदिवासी धर्माचे नाव क्रमांक नसताना लिहून घेतले होते.

परराज्यातून आलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे. अनुसूचित जातीची यादी ज्या राज्यात मोजणी होते त्या राज्याची धरली जाते, मूळ गावाची नाही. इथल्या यादीत नाव नसेल तर चौकटीत १ पडणार नाही.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या फार नाहीत. प्रगणकांच्या प्रशिक्षणात नुसते वाचून दाखवणे पुरेसे नाही. दारातला संवाद दोघांनी समोरासमोर करून पाहावा: एकाने ‘जयभीम’ म्हणायचे, दुसऱ्याने न चिडता, न हसता पुढचा प्रश्न विचारायचा. वीस मिनिटे लागतात आणि नंतरच्या वीस दिवसांच्या चुका वाचतात. माहिती भरून झाल्यावर प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, जात मोठ्याने वाचून दाखवणे सक्तीचे करावे. स्वतःच संकेतस्थळावर माहिती भरण्याची सोय आहे, पण तिथे मिळणारा क्रमांक प्रगणकाला द्यावा लागतो आणि त्याने खातरजमा केल्यावरच नोंद पक्की होते. तो क्रमांक लिहून ठेवावा आणि प्रगणकाच्या पडद्यावर आपलीच उत्तरे आहेत ना, हे पाहून घ्यावे. घरयादीच्या टप्प्यात धर्म विचारत नाहीत, पण कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर, हे विचारतात. तिथेही बौद्ध कुटुंबे ‘इतर’मध्ये जातात. तक्रार असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या जनगणना अधिकाऱ्याकडे मोजणीच्या दिवसांतच करावी. मोजणी संपल्यावर नोंद दुरुस्त होत नाही.

मोजणीच्या दोन महिने आधी, ६ डिसेंबर २०२६ ला, चैत्यभूमीवर राज्यभरातून लाखो लोक येतील. महापालिका शिवाजी पार्कवर दरवर्षी पाण्याची, आरोग्याची, निवाऱ्याची सोय करते. त्याच मंडपांत जनगणना संचालनालयाने मराठीत एक पत्रक वाटावे. त्यावर चारच वाक्ये ठळक अक्षरांत असावीत: धर्म विचारतील तेव्हा ‘बौद्ध’ सांगा. जात विचारतील तेव्हा यादीतले जातीचे नाव सांगा. दोन्ही एकत्र सांगणे कायदेशीर आहे. भरलेले वाचून दाखवा असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पत्रक परवडत नसेल तर निदान आपल्या वृत्तपत्राने ही चार वाक्ये फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या पानावर चौकटीत छापावीत, ही विनंती.

आपले,
जनगणनेत प्रगणक व पर्यवेक्षक म्हणून काम केलेले काही शिक्षक, मुंबई